गणिताचा फॉन्ट घेण्याआधी करणी ताणून बघा

पेजमेकरच्या काळात करणीचं चिन्ह मी दोन तुकड्यांत बनवायची. आधी सिम्बॉल फॉन्टमधलं √, मग लाइन टूलने त्याच्या डोक्यावर आडवी रेघ. सर प्रूफ बघताना आत एक पद वाढवायचे, की रेघ परत लांब. आत अपूर्णांक आला तर चिन्हाचा पॉइंट वाढवायचा, आणि पॉइंट वाढवला की चिन्ह एवढं जाड व्हायचं की शेजारची अक्षरं उपाशी वाटायची. सांगलीतल्या क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका जुळवता जुळवता वीस वर्षं गेली. आता रेघा ओढत नाही. पण माझ्याकडे शिकायला येणारी पोरं अजून एक चूक हमखास करतात. फॉन्टच्या तक्त्यात √, ∫, ∑ दिसले की तो गणिताचा फॉन्ट, असं धरून चालतात.

चिन्ह असणं वेगळं आणि ते सूत्राप्रमाणे वाढणं वेगळं. खऱ्या गणिती फॉन्टमध्ये अक्षरांच्या जोडीला ‘मॅथ टेबल’ नावाचा माहितीचा कप्पा असतो. घातांक किती वर चढवायचा, अपूर्णांकाची रेघ किती जाड, रेघेपासून अंश आणि छेद किती लांब, हे सगळे आकडे त्यात लिहिलेले असतात. गणिताची पानं जुळवणाऱ्या ‘टेक’ या प्रोग्रॅमचे कर्ते डोनाल्ड क्नूथ यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी असेच आकडे आपल्या फॉन्टांत घातले होते. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ बरोबर कॅम्ब्रिया मॅथ आणला तेव्हा ती कल्पना ओपनटाइप या फॉन्टप्रकारात आली, आणि आज वर्ड, झीटेक (टेकचाच युनिकोड समजणारा अवतार), ब्राउझर सगळे तोच कप्पा वाचतात. क्रोममध्ये मॅथएमएल, म्हणजे वेबपानावर सूत्रं लिहिण्याची भाषा, २०२३ च्या १०९ व्या आवृत्तीपासून पुन्हा चालू झालं, तेही याच कप्प्याच्या भरवशावर.

कंस किंवा करणी वाढते ती अशी: आधी फॉन्टमध्ये त्याच चिन्हाची चार-पाच मापं तयार काढलेली असतात, सॉफ्टवेअर त्यातलं बसणारं उचलतं. तीही अपुरी पडली तर चिन्ह तुकड्यांनी जोडतात. रेल्वेसारखं समजा: पुढे इंजिन, मागे गार्डचा डबा आणि मध्ये लागतील तेवढे डबे. म्हणून चार ओळींच्या सारणीचा कंस उंच होतो, जाड होत नाही. कप्पा नसेल तर सॉफ्टवेअर एकतर चिन्ह नुसतं फुगवतं, नाहीतर दुसऱ्याच फॉन्टातलं उसनं आणतं.

कप्पा आहे की नाही हे वर्डमध्ये सहज कळतं. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबून समीकरणाची चौकट उघडा. समीकरणाच्या टॅबमध्ये कन्व्हर्जन्स गटाच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे, तो दाबला की डिफॉल्ट फॉन्टची यादी मिळते. त्या यादीत फक्त गणिती फॉन्टच दिसतात. तुमचा आवडता फॉन्ट इन्स्टॉल असूनही तिथे नसेल, तर विषय संपला. टेक लाइव्ह (टेकचा तयार संच) वापरणाऱ्यांनी ओटीएफइन्फो या छोट्या प्रोग्रॅमला ‘-टी’ हा पर्याय (इंग्रजी टी, छोटा) देऊन फॉन्टची फाइल दाखवावी. टेबलांच्या यादीत ‘मॅथ’ छापून आलं की झालं.

कप्पा असला तरी आतलं काम नीट झालंय का, ते चाचणीपानावर बघायचं. माझं पान एकाच सूत्रसंचाचं आहे, आणि नवीन फॉन्ट आला की आधी तेच छापते. त्यात करणीत करणी अशा चार पातळ्या, अपूर्णांकाच्या छेदात अपूर्णांक, भोवती मोठा कंस आणि तीन बाय तीनचा निश्चयक असतो. ∴ आणि ≅ ही दोन चिन्हं भूमितीच्या प्रत्येक सिद्धतेत लागतात, तीही असतात. घातांकाचा घातांक वाचता येतो का बघा. ओपनटाइपच्या तपशिलात पहिल्या पातळीला ८० टक्के आणि दुसऱ्या पातळीला ६० टक्के माप सुचवलंय, पण फॉन्ट करणारे आपापले आकडे घालतात. त्यामुळे काहींचा दुसरा घातांक झेरॉक्सवर ठिपका होतो.

आणखी एक अक्षर मुद्दाम तपासा, तिरपा एच. संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडने २००१ मध्ये ३.१ आवृत्तीत गणिती अक्षरांचा मोठा गट घेतला. त्यात तिरप्या अक्षरांच्या ओळीत एचची जागा रिकामी ठेवलेली आहे, कारण प्लांकच्या स्थिरांकाचं चिन्ह म्हणून तो आधीच दुसरीकडे होता. कच्च्या फॉन्टात किंवा घाईने केलेल्या रूपांतरात तेवढंच अक्षर पडतं. वृत्तचितीच्या घनफळात पाय आणि आरचा वर्ग उत्तम आणि उंचीच्या जागी चौकोन, असं पान माझ्या टेबलावरून एकदा पुढे गेलं आहे. तेव्हापासून एच पहिला बघते.

फॉन्ट कोणता घ्यावा? फुकट आणि भरवशाचे बरेच आहेत. लॅटिन मॉडर्न मॅथ हा पोलंडच्या गुस्ट या टेक वापरणाऱ्या मंडळींनी क्नूथच्या फॉन्टावरून केलेला. पडद्यावर देखणा, पण बारीक रेघांचा. दहा पॉइंटला अपूर्णांकाची रेघ जेमतेम ०.४ पॉइंट भरते. आमच्याकडे क्लासचे पेपर कॉपीप्रिंटरवर आणि हलक्या कागदावर निघतात, तिथे ती रेघ मध्येच तुटते आणि अर्धी पोरं अंशालाच उत्तर समजतात. त्याच मंडळींचा टेक गायर पगेला मॅथ अंगाने भरलेला आहे. माझी पसंती स्टिक्स टू मॅथला. तो कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सचा, आणि त्यांचाच टिरो देवनागरी मराठी हा फॉन्टही आहे, ज्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. दोन्ही एका पानावर ठेवले की काळेपणा जुळतो. ही जोडी मला अपघातानेच सापडली. देवनागरी मजकुरासाठी आयआयटी मुंबईचा शोभिका हाही चांगला पर्याय आहे.

कॅम्ब्रिया मॅथला नावं ठेवायची नाहीत, वर्डमध्ये तो बिनचूक चालतो. मात्र साध्या परिच्छेदाला तो कधीही लावू नका. उंच चिन्हं सामावण्यासाठी त्याची उंची अवाढव्य धरलेली आहे, त्यामुळे ओळींमध्ये म्हैस बसेल एवढी जागा सुटते. मग लोक लाइन स्पेसिंगशी झगडत बसतात.

वर्डमध्ये मराठी शब्द मी समीकरणाच्या चौकटीबाहेरच ठेवते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर आला तर आधी रूपांतरकातून काढा, पण सूत्रं त्यात घालू नका. त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. एक्स, वाय आत गेले की बाहेर काहीतरी भलतंच येतं. सगळं सिलेक्ट करून एकदम फॉन्ट बदलण्याची सवयही याच कारणाने सोडा.

मोठं काम, म्हणजे चाळीस पानांच्या वरचा संच, मी झीलेटेकमध्ये (झीटेकवर चालणारं लेटेक) करते. आधी एएमएसमॅथ, मग युनिकोड-मॅथ हे पॅकेज, हा क्रम उलटा नको. सेटमेनफॉन्ट या आज्ञेत मराठी फॉन्ट, सोबत स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी. स्क्रिप्ट विसरलात तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. मग सेटमॅथफॉन्टमध्ये स्टिक्स टू मॅथ. एवढ्यावर इंग्रजी सूत्रं चालू होतात.

खरी गंमत सूत्रात मराठी आलं की सुरू होते. गणिती फॉन्टात देवनागरी नसते. टेकमध्ये सूत्र दोन डॉलरच्या चिन्हांमध्ये लिहितात; तिथे सरळ १२ लिहिलं तर पानावर काहीच उमटत नाही, ना चौकोन ना एरर. लॉग फाइलमध्ये मात्र ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी ओळ पडते. लॉग कोण वाचतं? तुम्ही वाचा, निदान हे दोन शब्द तरी शोधा. उपाय सोपा आहे: देवनागरी आकडे आणि शब्द टेक्स्ट या आज्ञेच्या महिरपी कंसात घाला. एएमएसमॅथची ही आज्ञा घातांकाच्या जागी आकार आपोआप लहानही करते. लसावि आणि मसावि यांसाठी मी ऑपरेटरनेम या आज्ञेच्या आत टेक्स्ट घालून एकेक छोटी आज्ञा करून ठेवली आहे. नुसतं टेक्स्ट वापरलं तर ‘लसावि’ पुढच्या अक्षराला चिकटतो.

आणि शिरोरेषा! अपूर्णांकाची जागा लॅटिन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली असते. वेग बरोबर अंतर भागिले वेळ लिहिलं, की छेदातल्या ‘वेळ’ची शिरोरेषा अपूर्णांकाच्या रेघेखाली समांतर धावते आणि लांबून दुहेरी रेघ दिसते. ‘वय’, ‘तास’ अशा शब्दांना वर मात्राही नाही, तिथे तर मुलं खरंच फसतात. छेदाच्या सुरुवातीला स्ट्रट नावाची अदृश्य काठी घाला म्हणजे शब्द खाली उतरतो. दोन रेघांत अंतर अजून कमी वाटलं तर अदृश्य रूल घालून काठीची उंची हाताने वाढवा. ओळीतल्या मजकुरात असा अपूर्णांक असेल तर डीफ्रॅक ही आज्ञा वापरा, कारण स्वतंत्र ओळीतल्या सूत्राची मोकळी मापं त्याला लागू होतात. ओळ थोडी फाकते, चालतं.

छापायला देताना पीडीएफ द्या, वर्डची फाइल नाही. एकदा मी घाईत फाइलच दिली. छापखान्याच्या यंत्रावर माझा फॉन्ट नव्हता आणि चोवीस पानांच्या संचातली सगळी करणीचिन्हं चौकोन होऊन आली. प्लेटा निघाल्या होत्या, खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतला. आता पीडीएफ झाली की रीडरमध्ये प्रॉपर्टीजमधला फॉन्ट्सचा टॅब उघडते. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ दिसेपर्यंत फाइल पेनड्राइव्हवर जात नाही. आणि छापखान्यातल्या माणसाला सांगून ठेवलंय, पहिला कागद निघाला की वृत्तचितीचं पान फोटो काढून पाठव.