जॉन सीना खरंच थोर की नुसताच गाजलेला? हा वाद नीट घालायचा कसा

ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या कट्ट्यावर जॉन सीनाचं, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी प्रो रेसलिंग कंपनीच्या गाजलेल्या रेसलरचं, नाव काढा, दोन मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, सतरा वेळा चॅम्पियन. दुसरा म्हणतो, येतात किती डाव त्याला, पाच! मग अर्धा तास हीच दोन वाक्यं आवाज चढवून फिरत राहतात. कारण एकच: माप काय लावायचं हेच कुणी ठरवलेलं नसतं. प्रो रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे कार्यक्रम लिहिणारे आधी ठरवतात. म्हणून जिंकलेल्या लढतींची बेरीज मांडून रेसलरचं मोठेपण सिद्ध होत नाही. मिळालेल्या निकालाचं त्याने रिंगमध्ये काय केलं, ते मॅच बघूनच दाखवावं लागतं.

विषय एका वाक्यात बांधा

‘सीना ग्रेट आहे का’ हा विषय नव्हे, त्यावर फक्त घोषणा होतात. ‘सीनाने समोरच्या रेसलरना मोठं केलं’ हा विषय. ‘सीना माइकवर जितका भारी तितका रिंगमध्ये नव्हता’ हाही चालेल. एका संध्याकाळी एकच घ्या. पहिल्यांदाच करणार असाल तर पहिला निवडा, कारण त्यात दोन्ही बाजूंना भरपूर दारूगोळा आहे.

प्रत्येक बाजूला दोन वक्ते, एक अध्यक्ष, एक वेळ पाहणारा. वक्त्याला चार मिनिटं, म्हणजे चौघांची सोळा. प्रत्येक बाजूला तीन क्लिप, एक क्लिप फार तर दीड मिनिटाची, म्हणजे नऊ मिनिटं. प्रत्येक बाजूला उत्तरासाठी तीन मिनिटं आणि शेवटी पंधरा मिनिटं प्रेक्षकांची. हिशेब सेहेचाळीस मिनिटांचा होतो, पण हॉल तासाभरासाठी घ्या; चौदा मिनिटं वायरी आणि खुर्च्या खातातच.

वेळ निवडताना घड्याळाकडे लक्ष द्या. अमेरिकेतला शनिवार रात्रीचा मोठा शो आपल्याकडे रविवारी पहाटे दिसतो आणि दर सोमवारचा शो ‘रॉ’ मंगळवारी पहाटे. शो झाला त्याच रविवारी वाद ठेवलात तर निम्म्या लोकांनी तो बघितलेला नसतो आणि उरलेले निकाल फोडतात. पुढचा शनिवार घ्या, संध्याकाळी सात-साडेसातची वेळ, म्हणजे दहाच्या आत आवाज बंद होतो आणि सेक्रेटरींना कुणाचा फोन जात नाही.

क्लिप म्हणजे पुरावा

एप्रिल 2025पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर आहे. अख्खी मॅच हॉलमध्ये लावत बसू नका. ती ज्याने त्याने घरी बघून यायची आणि मिनिट-सेकंद कागदावर लिहून आणायचे. ‘शेवटी शेवटी कुठेतरी आहे बघ’ म्हणत स्लायडर मागेपुढे ओढणाऱ्या वक्त्याची चार मिनिटं तिथेच संपतात. क्लबहाउसचं वाय-फाय बहुतेक वेळा ऑफिसच्या भिंतीपलीकडे पोचत नाही, म्हणून तासभर आधी जाऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवून बघा. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागेल. आवाजासाठी वेगळा स्पीकर हवाच, कारण सीनाच्या बाबतीत प्रेक्षकांचा आवाज हा अर्धा पुरावा असतो. लहान मुलं आणि बायका ‘लेट्स गो सीना’ ओरडतात, दाढीवाले ‘सीना सक्स’. दोन्ही गट तिकीट काढून आलेले असतात. टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर हे द्वंद्व ऐकूच येत नाही आणि मुद्दा वाया जातो.

बाजूने बोलणाऱ्यांसाठी

डब्ल्यूडब्ल्यूईचा दरवर्षीचा मोठा शो समरस्लॅम, त्यातला 2013चा घ्या. डॅनियल ब्रायनने सीनाला कसलीही लबाडी न करता, सरळ गुडघा मारून चीत केलं. सीनाच्या कोपराला तेव्हा दुखापत होती आणि नंतर लगेच शस्त्रक्रिया झाली, तरी त्याने लढत टाळली नाही. दुसरा पुरावा 31 मे 2015चा: केविन ओवेन्सची मुख्य रोस्टरवरची, म्हणजे बड्या रेसलरच्या चमूतली, पहिलीच मॅच आणि त्याने सीनालाच हरवलं. तिसरा समरस्लॅम 2016, ए. जे. स्टाइल्स. या तिन्हींत पराभवानंतरचा सीनाचा चेहरा दाखवा. ‘हे अचानक झालं’ असा भाव त्यात नाही, ‘हा माझ्यापेक्षा सरस निघाला’ असा आहे. समोरच्याला मोठं करणं म्हणतात ते हेच.

13 डिसेंबर 2025ची वॉशिंग्टनमधली शेवटची मॅच हातात ठेवा, पण उत्तराच्या वेळी काढा. गुंथरच्या स्लीपरमध्ये, म्हणजे मागून गळा आवळणाऱ्या पकडीत, सीनाने टॅप आउट केलं. ‘नेव्हर गिव्ह अप’ लिहिलेले टी-शर्ट वीस वर्षं विकणारा माणूस जाताना हात आपटून हार मानतो. कुणाला तो विश्वासघात वाटला, कुणाला जाताना दिलेली देणगी. आमच्या मते ती देणगी आहे, पण विरोधकांनी यावर तुटून पडावं इतकी ती जागा मोकळीही आहे.

विरोधात बोलणाऱ्यांसाठी

तुमचा हुकमाचा पत्ता समरस्लॅम 2010. नेक्सस नावाची नवख्या रेसलरची टोळी तेव्हा तापलेली होती. सात विरुद्ध सात अशी एलिमिनेशन मॅच, म्हणजे हरेल तो एकेक जण बाद. शेवटी सीना एकटा, समोर दोघे. त्याला रिंगबाहेर उघड्या काँक्रीटवर डीडीटी, म्हणजे डोकं काखेत धरून खाली आपटण्याचा डाव, बसतो आणि तरीही थोड्याच वेळात तो उठून जस्टिन गॅब्रिएल आणि वेड बॅरेट दोघांनाही बाद करतो. क्लिप दाखवताना डीडीटीपासून शेवटच्या टॅपपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजा आणि आकडा मोठ्याने सांगा. टोळीचा धाक त्या रात्री उतरला तो परत चढला नाही.

ओवेन्सचा मुद्दा समोरून येणारच. त्याला उत्तर तयार ठेवा: पहिली मॅच ओवेन्स जिंकला, पण जून आणि जुलैमधल्या पुढच्या दोन्ही सीनाने जिंकल्या. एक विजय देऊन मालिका आपल्याकडे ठेवणं याला मोठं करणं म्हणायचं का, असं सरळ विचारा.

‘पाचच डाव’ हा आरोप कसा हाताळायचा

हा आरोप येणार म्हणजे येणारच, म्हणून तो क्रमाने समजून घ्या. खांद्याची एक धडक, लगेच दुसरी. समोरचा चिडून हात फिरवतो, सीना खाली वाकतो आणि त्याला मागून धरून गर्रकन फिरवत पाठीवर आपटतो. मग चेहऱ्यासमोर पंजा हलवणं, दोरावरून धावणं, कपाळावर मूठ. मग खांद्यावर उचलून ॲटिट्यूड ॲडजस्टमेंट. प्रत्येक वेळी हाच क्रम. आरोप करणाऱ्याने एवढंच सांगून थांबलं तर तो कच्चा, कारण क्रम ठरलेला असणं हा दोष नव्हे. प्रेक्षकाला पुढचं ठाऊक असतं म्हणूनच तो ओरडतो. बघायचं ते हे की समोरचा हा क्रम कुठे मोडतो. दुसऱ्या धडकेला मोडला तर त्याने सीनाचा अभ्यास केलाय. पंजा हलवताना खालून पाय अडकवला तर तो धूर्त. आणि उचललेला असताना पाठीवरून घसरून मागे उतरला, तर हॉलमधलं पोरसुद्धा पुढे सरकून बसतं. जुलै 2011ची सी. एम. पंकविरुद्धची शिकागोची मॅच आणि एप्रिल 2007ची लंडनमधली शॉन मायकल्सविरुद्धची जवळपास तासभराची मॅच या नजरेने बघा. जिथे हा क्रम एकदाही मोडत नाही अशी एखादी साधी ‘रॉ’ची मॅचही शेजारी ठेवा. फरक सांगावा लागत नाही.

आकड्यांचे सापळे

सतरा हा आकडा खरा आहे. सतरावा किताब एप्रिल 2025मध्ये कोडी ऱ्होड्सला हरवून आला. पण सतरा वेळा मिळाला याचा अर्थ मधल्या काळात तितक्याच वेळा हातातून गेला. ऑक्टोबर 2007मध्ये तर छातीचा स्नायू फाटल्यामुळे न हरताच सोडावा लागला. दिवस मोजायचे ठरवले तर चित्र पालटतं: जुन्या काळचा चॅम्पियन ब्रुनो सॅमार्टिनोची किताब हातात असतानाची एकच कारकीर्द 2803 दिवसांची, रोमन रेन्सची 1316 दिवसांची, सीनाची सर्वांत लांब 380 दिवसांची. म्हणून वेळा मोजायच्या की दिवस, हे अध्यक्षांनी सुरुवातीलाच जाहीर करावं. मध्येच माप बदलणाऱ्याचा मुद्दा बाद.

असाच सापळा अंडरटेकर या दुसऱ्या गाजलेल्या रेसलरवर वाद घेतलात तर लागतो. कुणीतरी म्हणणारच की त्याला अक्षय कुमारने आपटलं होतं. 1996च्या ‘खिलाडियों का खिलाडी’ या हिंदी चित्रपटात होता तो ब्रायन ली, ज्याने 1994मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (डब्ल्यूडब्ल्यूईचं जुनं नाव) नकली अंडरटेकर केला होता.

काका उठतात तेव्हा

प्रेक्षकांत एखादे काका हमखास म्हणतात, ‘अरे ही कुस्ती आहे का? खाशाबा जाधवांनी 1952ला हेलसिंकीत पदक आणलं, ती कुस्ती.’ त्यांना हसू नका आणि टाळूही नका. ‘बरोबर आहे काका, निकाल आधी ठरतो, त्या पदकाशी याची तुलनाच नाही. पण सव्वाशे किलोचा माणूस खांद्यावर घेऊन त्याची मान न दुखावता पाठीवर उतरवायचा, हे तुम्ही तालमीच्या नजरेने बघून सांगा.’ ॲटिट्यूड ॲडजस्टमेंटची उचल कुस्तीतल्या कलाजंग डावाच्या जवळची आहे. तालीम बघितलेला माणूस पाय कुठे रोवले, वजन कुठे घेतलं हे चटकन टिपतो. अशा काकांना पुढची क्लिप संपल्यावर दोन मिनिटं द्या, वादाची प्रत वाढते.

लहान मुलं हॉलमध्ये असतील तर डाव करून दाखवायला कुणालाही उठू देऊ नका, गादी असली तरीही. उचललेल्याने हनुवटी छातीला लावून पाठ सपाट पडू दिली नाही तर डोकं आधी आपटतं. ते पडणं शिकायलाच रेसलरना महिनोन्‌महिने जातात.

निकालासाठी टाळ्या मोजू नका. ज्याचे मित्र जास्त, तो जिंकतो. सुरुवातीला हात वर करून मत घ्या, आकडा फळ्यावर लिहा, शेवटी पुन्हा घ्या. ज्या बाजूकडे जास्त लोक सरकले ती जिंकली, मग एकूण संख्येत ती मागे असली तरी चालेल.

हॉल मिळत नसेल तर ठाणे-वाशी लोकलचा अर्धा तास दोघांना पुरतो: विषय एक, मॅच एक, प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं दोनदा. मॅच मात्र आदल्या रात्री बघून या, कारण ऐरोली-रबाळेच्या गर्दीत क्लिप दाखवायला खिशातून फोन काढायलाही जागा नसते.