पथकातली माणसं आणि वीस तारखेचं रिटर्न

भोसरीतल्या एका कारखान्याचं अकाउंट्स खातं मी सांभाळते. टीम लहान. त्यातली दोघं ढोल-ताशा पथकात, एक हौशी नाटकवाला, आणि एक मुलगी पावसाळाभर दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर. या लोकांमुळे खात्यात जिवंतपणा आहे, हे मनापासून सांगते. पण जीएसटीची तारीख कुणाच्या सरावासाठी थांबत नाही. तुमच्या हाताखालीही अशी मंडळी असतील, तर हे तुमच्यासाठी.

सगळ्यात आधी तारखा. छंदाचा हंगाम ठरलेला असतो आणि तो पंचांगात आधीच छापलेला असतो. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती उशिरा आहेत. चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी, २५ ला. चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा, म्हणजे आगाऊ आयकराचा हप्ता, आणि २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर होते, तेव्हा गाठ पडली होती ७ तारखेच्या टीडीएसशी, म्हणजे कापून घेतलेला कर सरकारात भरण्याशी. म्हणून ‘गेल्या वर्षी केलं तसंच करू’ हे कधीच चालत नाही. पावसाळा लागला की कॅलेंडर घेऊन बसा आणि पथकातल्यांना सरळ विचारा: सराव कधीपासून, आठवड्यातून किती दिवस, मिरवणुका कुठल्या, गावाबाहेरच्या सुपाऱ्या आहेत का. विचारलं की लोक खरं सांगतात. न विचारता सप्टेंबर उजाडू दिला, तर ऐनवेळी कुणाला ताप येतो, कुणाचे पाहुणे येतात.

सराव गणपतीच्या साधारण दोन महिने आधी सुरू होतो. संध्याकाळी सरावाला पुण्यातल्या नदीपात्रात पोचायचं तर भोसरीतून सहाला निघावंच लागतं. मी त्या दोघांना सराव असेल त्या दिवशी सकाळी लवकर यायला सांगते आणि सहाला सोडते. त्या वेळेनंतर फोन करत नाही. हे उपकार म्हणून करू नका, लेखी ठरवा, म्हणजे शेजारच्या खात्यातला कुणी ‘यांचं बरं आहे’ म्हणाला, तर ठरलेलं दाखवता येतं.

सुट्ट्यांचंही तसंच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे आणि आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या असतात. कारखान्याला नियम वेगळे लागू असतील, पण ऑफिसं-दुकानांत हे चालतं. अनंत चतुर्दशी त्या चारांत बसवायची असेल, तर बोलायची वेळ डिसेंबर. आणि एक दिवस पुरत नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, चोवीस तास सहज उलटतात. म्हणजे यंदा शुक्रवारबरोबर शनिवारही धरा. रात्रभर ढोल वाजवलेल्या माणसाला सकाळी दुचाकीवर कामाला बोलावू नये आणि त्याच्या लॉगिनमधून आरटीजीएस, म्हणजे बँकेतून मोठ्या रकमेचं पेमेंट, सोडू नये. त्या दोन दिवसांची पेमेंटं मी आधीच दुसऱ्याच्या नावे करून ठेवते.

आता या सगळ्याची खरी किंमत कोण मोजतं, ते बघा. माझ्याकडे एक ताई आहेत. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, त्यामुळे ना ट्रेक, ना पथक. कुणीही लवकर निघालं की राहिलेलं काम आपसूक त्यांच्या टेबलावर जायचं, कारण ‘ताई थांबतात’. त्या एकदा एवढंच म्हणाल्या, “मॅडम, मला कुठे पथक आहे?” त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. कुणाचं काम कुणी, कधी सांभाळलं, हे त्यात लिहायचं. ज्याने जास्त सांभाळलं, त्याला दिवाळीच्या आणि मेच्या रजेत पहिली पसंती. कारण विचारायचं नाही. सासूबाईंचं आजारपण असो, माहेर असो किंवा नुसतं घरी झोपायचं असो, ते पथकाइतकंच मोठं. तुम्ही बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, ही वही ठेवा.

टेबलावरचा ताशा हा वेगळा त्रास. ताशावाल्याच्या हाताला आराम नसतो. जुलैत बोटांना चिकटपट्ट्या लागतात, आणि व्हाउचर टाकता टाकता दोन पेन कधी काड्या होतात, त्याला स्वतःला कळत नाही. त्याच वेळी शेजारी बसणारी बँकेच्या स्टेटमेंटशी आपले हिशोब जुळवत असते, आणि एक रुपया सापडत नसतो. चार लोकांत झापू नका. त्याच दिवशी, बाजूला घेऊन सांगा: “अरे, तुझा हात सुरेख बसलाय, पण टेबलावर नको. तिचा आकडा चुकतोय.” पुरतं. बोटं सुजलेली असतील, तर त्या आठवड्यात त्याच्या एंट्र्या दुसऱ्याकडून तपासून घ्या.

कानांबद्दल मी आवर्जून बोलते. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत, अशी एक बरीच वापरली जाणारी मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. पथकात मधोमध उभं राहिलं की काय होत असेल, बघा. सरावाच्या दुसऱ्या दिवशी फोनवर “काय म्हणालात?” वाढलं की मी विचारते, कानात बोळे घातले होते का? आता दोघंही इअरप्लग वापरतात. हे माझं काम नाही असं मला वाटत नाही.

पैशांचा नियम मात्र कडक ठेवा. नाटकाची तिकिटं, पथकाची वर्गणी, घरचे केक, फराळाच्या ऑर्डरी: हाताखालच्याने ग्रुपवर एकदा टाकलं तर हरकत नाही. वरिष्ठाने हाताखालच्याच्या टेबलाशी जाऊन मागायचं नाही. ‘नाही’ म्हणायला जो घाबरतो, त्याच्याकडून घेतलेली वर्गणी ही वर्गणी नव्हे. ग्रुपही वेगळे हवेत. कामाच्या ग्रुपवर कळसूबाईचे फोटो नकोत, ते कितीही सुंदर असले तरी.

उलटंही घडतं आणि त्याकडे कुणी बघत नाही. मोठ्या साहेबांना वार्षिक समारंभाला ढोल हवे असतात, मग “तुझं पथक आहे ना, आण की” असं फर्मान सुटतं. असं करू नका. पथक म्हणजे त्या एका मुलाची मालमत्ता नाही. पथकप्रमुखाशी रीतसर बोला, सुपारी द्या, आणि तो मुलगा त्या दिवशी वाजवत असेल तर त्याला समारंभाच्या खुर्च्या मांडायला लावू नका. नाटकवाल्याला दर निरोपसमारंभात “दोन मिनिटं काहीतरी करून दाखव” म्हणणंही त्यातलंच. त्याला राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींसाठी वेळ हवा असतो, तो द्या. टाळ्या तो तिकडे मिळवेल.

ट्रेकवालीचं सोपं आहे. सोमवारी सकाळी तिला जिने चढवत नाही, म्हणून स्टोअरमधली साठा-तपासणी मी मंगळवारी लावते.