वाईट बातमी तुमच्यापर्यंत कधी पोचते?

टीम लीड होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. क्लायंटला गेलेल्या रिपोर्टमध्ये मागच्या महिन्याचे आकडे तसेच राहिले. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी विचारलं, "हे कोणी पाठवलं?" एका मुलीने हळूच हात वर केला. मी ओरडलो नाही. "पाठवण्याआधी उघडून तरी बघायचं," एवढंच म्हणालो. मला वाटलं, विषय संपला.

नंतरचे दोन महिने रोजच्या स्टँडअपला, म्हणजे कामाच्या छोट्या आढावा मीटिंगला, एकच उत्तर यायचं: "सगळं ठीक आहे." अडचण कळायची ती थेट डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी.

म्हणून नव्याने लीड होणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो, की वाईट बातमी तुमच्यापर्यंत कधी पोचते? हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम अभ्यासल्या. ज्या टीमचं आपसांत चांगलं जमत होतं, तिथेच औषधांच्या चुकांची नोंद जास्त निघाली. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, हा त्यांनी लावलेला अर्थ मला तेव्हा फार लागला.

मी त्या मुलीची माफी मागितली, तीही मीटिंगमध्येच, कारण तिचा अपमान तिथे झाला होता. रिपोर्ट जाण्याआधी तपासणं माझंही काम होतं, हेही सांगितलं. लगेच काही बदललं नाही. बदलेल अशी अपेक्षाही धरू नका.

दुसरी गोष्ट "बघतो" या शब्दाची. रजा, पगारवाढ, दुसरा प्रोजेक्ट, काहीही विचारलं की आपण सहज "बघतो" म्हणतो आणि विसरतो. विचारणारा मात्र विसरत नाही. मी वहीत एक पान फक्त या "बघतो"साठी ठेवलं. दर शुक्रवारी त्या पानावरच्या प्रत्येकाकडे जाऊन उत्तर द्यायचं, नकार असला तरी कारणासकट. नकाराने माणूस दोन दिवस नाराज राहतो, पण पुन्हा विचारायला येतो. आणि कोणी घरची अडचण सांगितली, तर ती तुमच्या तोंडून तिसऱ्याच्या कानावर जाता कामा नये.

बऱ्याच आठवड्यांनी एका सकाळी तीच मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. "सर, काल पाठवलेल्या फाइलमध्ये एक कॉलम चुकलाय. माझ्याकडूनच."

"बरं झालं लगेच सांगितलंस," मी म्हणालो आणि शेजारची खुर्ची ओढली. "दाखव."