नाव, हुद्दा, बक्कल नंबर: कर्तव्यावर गेलेल्या पोलिसाचा स्मृतिदिन करताना

तयारीची सुरुवात फुलांपासून किंवा पाहुण्यांच्या यादीपासून करू नका. आधी घरच्यांना भेटा. कार्यक्रम त्यांना हवा आहे का, फोटो कोणता लावायचा, घरातलं कोण येणार आणि कोणाला येणं झेपणार नाही, हे सगळं त्यांच्यासमोर लिहून घ्या. त्यांनी नको म्हटलं तर थांबा.

मग तारीख. देशभर पोलीस स्मृती दिन २१ ऑक्टोबरला पाळतात. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० पोलीस जवान धारातीर्थी पडले. त्या सकाळी पोलिसांची मानवंदना असते, वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचली जातात आणि घरच्यांना तिथं जायचं असतं. म्हणून गल्लीतला किंवा गावातला कार्यक्रम त्या दिवशी संध्याकाळी ठेवा, नाहीतर ज्या तारखेला ते गेले त्या तारखेला. दिवाळीही याच सुमारास येते. २०२५ मध्ये तर २१ ऑक्टोबरलाच लक्ष्मीपूजन होतं. घरचे श्राद्ध तिथीनं करतात, तेव्हा तिथी आणि तारीख एका दिवशी आली तर सकाळ घरच्यांसाठी मोकळी सोडा.

बिगुलर किंवा मानवंदनेचं पथक हवं असेल तर लेखी अर्ज लागतो, आणि नाशिकमध्ये तो चुकीच्या दारात जातो. पंचवटी, सातपूर, नाशिकरोड हा भाग शहर पोलीस आयुक्तालयाचा. येवला, सटाणा, इगतपुरी, मालेगाव ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. महिनाभर आधी द्या, सणांच्या बंदोबस्तात माणसं मिळत नाहीत. पथक मिळालं नाही तर बंदुकीच्या फैरींऐवजी फटाके वाजवू नका. घरच्यांच्या काळजात धस्स होतं.

सर्वांत जास्त वेळ फलकाला द्या, कारण तोच वर्षानुवर्षं राहणार. मजकूर थोडा असावा: पूर्ण नाव, हुद्दा, बक्कल नंबर (पोलिसाचा नोकरीतला क्रमांक), शेवटची नेमणूक, जन्म आणि वीरमरणाची तारीख, घटनेचं ठिकाण. हुद्दा ऐकीव नको, ते ज्या पोलीस घटकात नेमणुकीला होते त्याच्या कार्यालयातून पडताळून घ्या. मरणोत्तर बढती किंवा पदक मिळालेलं असतं आणि गावाला माहीत नसतं. विशेषणं टाळा. ‘कर्तव्य बजावताना वीरमरण’ एवढं पुरतं. प्रायोजकाचं नाव या दगडावर अजिबात नको.

काळा ग्रॅनाइट घ्या, २ बाय ३ फूट, १८ मिलिमीटर जाड. वजन साधारण २७ किलो भरतं, त्यामुळे नुसत्या चिकट मसाल्यावर भरवसा ठेवू नका. चारही कोपऱ्यांत स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घाला. नावाची अक्षरं दीड इंच, बाकीची पाऊण इंच. खरा घोळ होतो तो कोरणाऱ्याच्या संगणकावर. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की रफार आणि वेलांट्या सरकतात: ‘कर्तव्य’चं ‘कतर्व्य’ होतं, ‘शिपाई’चं ‘शपिाई’. म्हणून कोरण्याआधी मूळ आकाराची छापील प्रत मागा, भिंतीवर लावा आणि घरातल्या एकानं एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचावी. त्याच कागदावर सही घ्या. कोरलेली चूक पुसता येत नाही, नवा दगडच घ्यावा लागतो.

अनावरणासाठी फलक साध्या पांढऱ्या कापडानं झाका. तिरंगा त्यासाठी वापरायचा नाही, ध्वजसंहितेत तशी मनाई आहे. ध्वज स्वतःहून अर्ध्यावरही उतरवू नका, तो शासनाच्या आदेशानंच उतरतो.

पुष्पचक्राला २ फूट व्यासाचं बांबूच्या कामट्यांचं कडं, त्यावर पेंढा सुतळीनं आवळून आणि वर अशोकाची पानं. झेंडू किंवा पांढरी शेवंती २ किलो पुरते. दसरा-दिवाळीत भाव चढतात, तेव्हा फुलवाल्याकडे आठवडाभर आधी सांगून ठेवा. आदल्या रात्री बांधलं तर ओल्या गोणपाटाखाली ठेवा, पाण्यात बुडवू नका. भिजलेला पेंढा जड होतो आणि कडं वाकतं. तिवईचे पाय विटांनी दाबून ठेवा.

प्रत्यक्ष कार्यक्रम २० मिनिटांत आटपा. घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा, पाहुणे उशिरा आले तरी त्यांना ताटकळत ठेवू नका. आई किंवा वीरपत्नीच्या हातात माइक आयत्या वेळी देऊ नका. घटनेचे फोटो आणि वर्णन नको, मुलं समोर असतात. पहिलं पुष्पचक्र घरच्यांचं, मग पोलिसांचं, मग बाकीच्यांचं. बिगुल मोबाइलवरून वाजवणार असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच रिंग वाजते. मौन दोन मिनिटांचं म्हणजे घड्याळातली पूर्ण दोन मिनिटं. अंदाजानं केलं की पाऊण मिनिटात कोणीतरी खाली बसतो आणि सगळे बसतात. एकानं घड्याळ धरावं, त्यानंच ‘विश्राम’ म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं उचला. ओला झेंडू दगडावर कुजला की डाग पडतात आणि कोरलेल्या अक्षरांतला रंगही सुटायला लागतो. फुलं गोदावरीत टाकू नका, निर्माल्य कलशात द्या. सुतळी आणि कामट्या आधी काढून घ्या.