कॉफीचा कोपरा मांडण्याआधी फेऱ्या मोजा

माझा पहिला कॉफीचा कोपरा दिसायला झकास होता. खिडकीशेजारी लाकडी फळी, काचेच्या बरणीत कॉफीच्या बिया, खाली आकड्यांना टांगलेले कप. पण एका कपासाठी मी स्वयंपाकघरात तीन फेऱ्या मारायचे: पाण्याला, चोथा टाकायला, भांडं विसळायला. महिन्याभरात कॉफी परत ओट्यावर आली आणि फळीवर चाव्या, बिलं नि चष्मा जमा झाले.

म्हणून आधी काहीही विकत आणू नका. दोन-तीन सकाळी नेहमीसारखी कॉफी करा आणि पाय कुठे कुठे वळतात ते बघा. नळ, प्लग आणि कचऱ्याचा डबा जिथे हाताशी येतात, तिथेच कोपरा. माझ्याकडे ती जागा सिंक आणि फ्रिजच्या मधली निघाली, जेमतेम दोन फूट. पुरते. मोका पॉट, म्हणजे वाफेच्या दाबाने कॉफी काढणारं शेगडीवरचं भांडं, वापरत असाल तर मात्र शेगडीलाच चिकटून राहा. इटलीत 1933 साली निघालेलं ते भांडं आजही बहुतेक घरांत शेगडीवरच चढतं.

मांडणी कामाच्या क्रमाने करा. माझ्याकडे डावीकडून उजवीकडे बियांचा डबा, वजनकाटा, ग्राइंडर, किटली, कप. सगळं काठ असलेल्या एका ट्रेमध्ये, म्हणजे सांडलेली पूड ट्रे उचलून झटकता येते. ग्राइंडरखाली घडी घातलेला जाड नॅपकिन ठेवते. पहाटे घर झोपलेलं असतं.

किटली वरच्या कपाटाखाली उकळू नका. वाफेने माझ्या कपाटाची प्लायवूडची कड फुगली, ती अजून तशीच आहे. आता किटली पुढे ओढून मगच बटण दाबते. ती वीजही भरपूर खेचते, तेव्हा एक्स्टेन्शन बोर्ड नको. भिंतीतला प्लग हवा, तोही सिंकच्या शिंतोड्यांपासून लांब.

आता ती बरणी. उजेड, हवा, ओल आणि उष्णता, या चारही गोष्टी बियांचा वास घालवतात, आणि मी तर त्या उन्हात सजवून ठेवल्या होत्या! अपारदर्शक, घट्ट झाकणाचा डबा घ्या. रोजचा डबा फ्रिजमध्येही नको. थंड डबा बाहेर काढून उघडला की आत ओल धरते. दोन-तीन आठवड्यांत संपतील एवढ्याच बिया आणा.

पैसे खर्च करायचेच असतील तर कपांआधी वजनकाट्यावर करा. माझं माप 15 ग्रॅम कॉफीला 240 ग्रॅम पाणी, म्हणजे 1:16. पाणी 92 ते 96 अंश. थर्मामीटर नसेल तर उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, झालं. फ्रेंच प्रेससाठी, म्हणजे दांड्याच्या जाळीने चोथा खाली दाबायच्या भांड्यासाठी, दळण जाडसर, जाड्या रव्यासारखं. पीठ झालं तर कपात गाळ उतरतो.

मग प्रेसमध्ये कॉफी मुरण्याची 4 मिनिटं. माझ्या मते कोपरा खरा या 4 मिनिटांसाठी असतो, आणि त्यांचा विचार मी सगळ्यात शेवटी केला. ओट्याखाली सरकेल असं एक बुटकं स्टूल आणलं, कपाटाखाली पिवळसर उजेडाचा छोटा दिवा लावला. मोबाइलचा चार्जर मुद्दाम दुसऱ्या खोलीत हलवला.

घरात चहाचा एक कट्टर भक्त आहे. त्याच्या चहापत्तीला बियांचा वास लागतो अशी तक्रार आली, आणि ती खरी होती. तिचा डबा आता फ्रिजच्या पलीकडच्या फळीवर आहे. स्टूल मात्र तो माझ्याआधी पटकावतो.