पुपुसा: भाकरीचा हात, पण पाणी जास्त

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एल साल्वाडोरच्या एक आजी राहतात. त्यांच्याकडे पहिल्यांदा पुपुसा, म्हणजे तिकडची सारण भरलेली भाकरी, शिकायला बसले तेव्हा मला वाटलं, यात शिकायचं ते काय? कोरेगावला शाळेत असल्यापासून ज्वारीच्या भाकऱ्या थापल्यात, पुरणपोळीचा उंडा भरता येतो, मोदकाची पारी जमते. पहिली पुपुसा थापली आणि तिला चारी बाजूंनी चिरा गेल्या. तव्यावर टाकली तर चीज बाहेर वाहून करपलं. आजींनी माझ्या पिठाच्या गोळ्यावर अंगठा दाबला, कडेची चीर बोटाने दाखवली आणि म्हणाल्या, "आगुआ." म्हणजे पाणी. मी शिंतोडा मारून मळलं. त्यांनी परत अंगठा दाबला. "मास आगुआ." अजून पाणी.

सगळी पुपुसा त्या अंगठ्यात आहे. भाकरी करणारीला पुपुसा लवकर येते, हे खरं. पण भाकरीच्या पिठाचा अंदाज हातात इतका मुरलेला असतो की पुपुसाचं पीठ आपण हमखास घट्ट भिजवतो.

पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठाची आत सारण भरलेली, हातावर थापलेली जाड, छोटी भाकरी. सोबत कुर्तीदो, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला कोबी, आणि टोमॅटोची पातळ साल्सा. एल साल्वाडोरच्या संसदेने २००५ साली तिला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार पुपुसा दिवस म्हणून जाहीर केला. १९८० ते १९९२ या यादवी युद्धाच्या काळात तिथून लाखो लोक देश सोडून निघाले. त्यातले कितीतरी इथे वॉशिंग्टनच्या आसपास, मेरीलँड-व्हर्जिनियात स्थिरावले. आमच्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये म्हणूनच जागोजागी पुपुसेरिया, म्हणजे पुपुसांच्या खानावळी, दिसतात. आजीही त्याच काळात आल्या.

सुरुवात आदल्या दिवशी करायची, कारण कुर्तीदो मुरायला रात्र लागते.

अर्धा किलो कोबी अगदी बारीक, लांब चिरा. जाड चिरलेला कोबी मुरत नाही, नुसता आंबट होतो. तो मोठ्या पातेल्यात घालून वरून उकळतं पाणी ओता, मिनिटभर थांबा आणि चाळणीत निथळून गार पाण्याखाली धरा. एवढ्याने कोबीचा उग्र वास जातो आणि करकरीतपणा राहतो. मग एक गाजर किसून, अर्धा कांदा उभा पातळ चिरून, एक हिरवी मिरची चकत्या करून, चमचाभर वाळलेला ओरेगानो तळहातावर चुरून आणि चमचाभर मीठ असं सगळं हाताने नीट कालवा. अर्धा कप व्हिनेगर आणि अर्धा कप पाणी घालून काचेच्या बरणीत दाबून भरा. साल्वाडोरमध्ये अननसाचं किंवा इतर फळांचं व्हिनेगर वापरतात, त्याला किंचित गोडसर चव असते. साधं पांढरं वापरलंत तर चिमूटभर साखर घाला. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. आठवडाभर छान राहतो आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यात चांगला लागतो. फोडणी, हळद, कूट यातलं काही घालू नका. तसं केलं की कोबीची कोशिंबीर होते. तीही छानच, पण चीजचा तेलकटपणा तोडायला इथे व्हिनेगर आणि ओरेगानोच लागतात.

आता पीठ. इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं.

पुपुसाला लागतं ते मासाचं पीठ, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. दुकानात ते 'मासा हारिना' नावाने मिळतं, मासेका ही त्यातली सगळीकडे दिसणारी कंपनी. शेजारीच अरेपाचं, म्हणजे मक्याच्याच दुसऱ्या एका भाकरीचं, पीठ ठेवलेलं असतं, ते घेऊ नका. ते शिजवलेल्या मक्याचं असतं, पण त्याला चुना लागलेला नसतो. आपल्याकडचं कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च, त्याचा इथे काही उपयोग नाही. आणि आपलं भाकरीचं मक्याचं पीठ? गावी गेले असताना मी त्याची उकड काढून करून पाहिली. थापली जाते, पण सारण भरून तोंड बंद करताना फाटतेच. पुपुसा त्याची होत नाही, हे मी खात्रीने सांगते.

फरक चुन्याचा आहे. चुन्याच्या पाण्यात दाण्याचं साल सुटतं, त्याला धरून ठेवणारे घटक विरघळतात आणि पिठाला अंगचा चिकटपणा येतो. शिवाय मक्यात जे नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, ते एरवी शरीराला मिळत नाही, चुन्यामुळे मिळतं. मका पुढे समुद्रापार युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. तिथे केवळ मक्यावर जगणाऱ्या गोरगरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. मध्य अमेरिकेतल्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी ही रीत शोधली. माझ्या आजी पान लावताना बोटाच्या टोकावर चुना घ्यायच्या, तोच चुना. मासा हारिनाचं पाकीट उघडलं की तो वास मला लगेच ओळखू येतो.

भारतात मासा हारिना ऑनलाइन मिळतो, पण महाग पडतो. मग घरी करा, अवघड नाही. अर्धा किलो वाळका मका (मधुमका नव्हे) धुऊन स्टीलच्या पातेल्यात दोन लिटर पाण्यात घाला. त्यात ५ ग्रॅम खाण्याचा कोरडा चुना विरघळवा. पानाचा ओला चुना असेल तर साधारण १० ग्रॅम, आणि तो बिनवासाचा हवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, चुना त्याला खातो. पाणी पिवळंजर्द होईल, घाबरू नका. मंद आचेवर चाळीसेक मिनिटं उकळा. नखाने चोळल्यावर साल निसटलं पाहिजे, दाणा चावला तर आत मात्र थोडा कडक लागला पाहिजे. आपला पिवळा मका टणक असतो, त्याला कधी तासभरही लागतो. गॅस बंद करून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा आणि वेट ग्राइंडरमध्ये किंवा मिक्सरमध्ये थोडा थोडा, चमचा-चमचा पाणी घालत अगदी मऊ वाटा. एवढ्यात दहा पुपुसा होतात. विकतच्या पिठापेक्षा ही चव दुप्पट चांगली. वेळ असेल तेव्हा मी अशीच करते.

तयार पीठ असेल तर दोन कप पीठ, अर्धा चमचा मीठ आणि कोमट पाणी. पाकिटावर पाणी कमी लिहिलेलं असतं, ते तोर्तियासाठी, म्हणजे बिनसारणाच्या पातळ मक्याच्या रोटीसाठी. आपण पावणेदोन कपांपासून सुरू करायचं आणि दोन कपांपर्यंत जायचं. मळून ओल्या कापडाखाली पंधरा मिनिटं ठेवा. एवढ्यात पीठ पाणी पिऊन घट्ट होतं, म्हणून परत पाण्याचा हात लावून मळा. मग लिंबाएवढी गोळी घेऊन चपटी दाबा. कड गुळगुळीत राहिली तर पीठ झालं. बारीकशी चीर दिसली तरी पाणी. हाताला किंचित चिकटेल इतकं मऊ हवं. भाकरीला लावतो तसं कोरडं पीठ परातीत भुरभुरायचं नाही, ते विसराच.

सारणात सगळ्यात मानाची ती 'रेव्हुएल्ता', म्हणजे चीज, वाटलेल्या तांबड्या घेवड्याचं सारण आणि डुकराचं मटण असं मिसळलेलं. मटणाला तिथे चिचारोन म्हणतात: तुकडे मिठाच्या पाण्यात शिजवायचे, पाणी आटलं की त्यांच्याच चरबीत लाल परतायचे आणि टोमॅटो, ढोबळी मिरचीबरोबर वाटून गोळा करायचा. आमच्या घरी ते खात नाहीत, म्हणून मी चीज-घेवड्याचीच करते.

घेवड्यासाठी माझ्याकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा असतो, आई येताना आणते. साल्वाडोरचा तांबडा घेवडा आणि आपला वाघ्या एकाच जातकुळीतले. आपल्या घेवड्याचं मूळही अमेरिका खंडातच. साल्वाडोरमध्ये होया दे सेरेन नावाचं एक गाव ज्वालामुखीच्या राखेखाली तेराशेहून जास्त वर्षं गाडलं गेलं होतं. १९७६ साली ते सापडलं, आणि तिथे मकाही मिळाला आणि घेवडाही. आजींना मी वाघ्या घेवड्याची मूठ नेऊन दिली तेव्हा त्यांनी एकेक दाणा उलटसुलट करून त्यावरचे पट्टे पाहिले, आणि पुढच्या वेळी मलाच तो आणायला सांगितला. वाघ्या नसेल तर लहान राजमा घ्या.

एक वाटी घेवडा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये गाळ शिजवा. दोन चमचे तेलावर कांदा आणि लसूण लालसर परता, त्यात घेवडा वाटून घाला, मीठ घाला आणि आटवा. पुरण शिजलं की नाही हे पाहायला उलथनं उभं करतो ना, तितकंच घट्ट हवं. ओलसर राहिलं की पारीला भोक पडतं. पूर्ण गार होऊ द्या.

चीज म्हणजे तिथलं केसियो. ते नसेल तर साधं मोझरेला, २०० ग्रॅम, बारीक किसून. किसलेलं तसंच भरू नका, कीस पारीतून टोचून बाहेर येतो. तळहाताने परातीवर रगडून त्याचा मऊ गोळा करा, मग तेवढंच घेवड्याचं सारण घालून एकजीव करा. नुसतं पनीर वितळत नाही, त्याने काम होणार नाही. लोरोको मिळाला तर मात्र सोडू नका. ही एका वेलीची हिरवी कळी, बरणीत खारवलेली किंवा फ्रोझन मिळते. धुऊन, चिरून चीजमध्ये घालायची. तिच्या चवीला मला मराठीत शब्द सापडत नाही, फुलासारखी पण भाजीसारखीही. तिच्याऐवजी दुसरं काही घालू नका. नाही मिळाली तर नाही.

साल्सा पटकन होते. चार टोमॅटो, पाव कांदा, एक लसणीची पाकळी, पाव ढोबळी मिरची उकडून, वाटून, मीठ घालून दहा मिनिटं उकळायची. पातळ ठेवा. तिखट करायची नसते.

आता भरायचं. एका वाटीत पाणी आणि त्यात थोडं तेल घेऊन शेजारी ठेवा. दर वेळी हात त्यात बुडवायचे. पिठाचे आठ उंडे करा (घरी वाटलेल्या पिठाचे दहा). उंडा डाव्या तळहातावर घेऊन मोदकासारखी वाटी करा, पण कळ्या नकोत. वाटीचा तळ आणि कडा सारख्या जाडीच्या हव्यात. दीड-दोन चमचे सारण घाला, कडा वर ओढून मिटवा आणि वर आलेलं जास्तीचं पीठ चिमटीने काढून टाका. हे मी आधी करत नव्हते. वरती पिठाचा गठ्ठा राहायचा आणि तिथे पुपुसा कच्ची लागायची.

मग थापायचं, पण परातीत नाही, दोन हातांवर. या हातावरून त्या हातावर टाकत, बोटांनी कड आत दाबत, फिरवत. आजींचे हात चालतात तेव्हा टप-टप असा एकसारखा आवाज येतो, आणि त्यांची नजर टीव्हीवर असते. मला आठवडाभर रोज करून ती लय आली. नाही जमलं तर तेल लावलेल्या प्लास्टिकवर ठेवून तळव्याने हळू दाबा, काही बिघडत नाही. तळहाताएवढी रुंद आणि करंगळीपेक्षा थोडी कमी जाड अशी ठेवा. भाकरीसारखी पातळ करायचा मोह आवरा, सारण तिथूनच फुटतं. कुठे भोक पडलंच तर चिमूटभर ओलं पीठ लावून बुजवा.

लोखंडी तवा मध्यम आचेवर नीट तापवा, तेलाचं बोट फिरवा. पुपुसा टाकली की तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. भाकरीला वरून पाणी लावतो तसं लावायचं नाही, आणि उलथन्याने दाबायचंही नाही. खालून सोनेरी-तपकिरी डाग पडले की एकदाच उलटा, परत तेवढाच वेळ. मधोमध थोडी फुगते, मग समजायचं आतलं चीज वितळलं. कडेने थोडं चीज झिरपून तव्यावर कुरकुरीत जाळी झाली तर ती खरवडून पुपुसाबरोबरच वाढा. माझी मुलं त्यासाठीच भांडतात.

गरमागरम खायच्या, आणि हाताने. वर मूठभर कुर्तीदो पाणी निथळून, त्यावर साल्साचे दोन चमचे, मग तुकडा मोडायचा. कुर्तीदो बाजूला लोणच्याएवढा वाढू नका. पुपुसा दिसेनाशी झाली पाहिजे इतका घाला.

उरल्या तर दोन पुपुसांमध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर टिकतात. परत गरम करताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा आणि सकाळी तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून शेका. मायक्रोवेव्हमध्ये कड चामट होते. घेवड्याचं सारण उरलं तर त्यात थोडं पाणी घालून सैल करा, दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीशी छान जातं.