सॉफ्टवेअर प्रकल्प जगासमोर कधी उघडायचा?

‘कोड जरा साफ करू, मग उघडू’ (म्हणजे कोणालाही वाचता-वापरता येईल असा ठेवू) असं म्हणणाऱ्यांचा कोड बहुधा कधीच साफ होत नाही. सफाई हा निकषच नव्हे. दोन गोष्टी बघायच्या: अनोळखी माणसाला प्रोग्रॅम स्वतःच्या मशीनवर चालवता येतो का, आणि त्याने काही विचारलं तर आठवड्याभरात उत्तर देणारं कोणी आहे का. दोन्हींना हो असेल तर थांबू नका. १९९१ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची ०.०१ आवृत्ती बाहेर पडली तेव्हा तिच्यात जेमतेम १०,००० ओळी होत्या आणि ती कंपाइल करायला (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवायला) मिनिक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम लागायची.

उशिराची किंमत ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीने मोजली. जानेवारी १९९८ मध्ये ब्राउझरचा कोड उघडण्याची घोषणा, ३१ मार्चला कोड. मधल्या काळात दुसऱ्यांच्या मालकीचे भाग उपटून काढावे लागले, एन्क्रिप्शनही वगळावं लागलं. पुढे बराच कोड नव्याने लिहिला गेला आणि त्यातून बनलेला मोझिला १.० हा ब्राउझर यायला जून २००२ उजाडला.

उघडण्याआधी आणि उघडताना हे करा:

१. मालकी तपासा. नोकरीत लिहिलेला कोड सहसा कंपनीचा असतो, तेव्हा परवानगी लेखीच घ्या. वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचा (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचा) परवाना बघा.

२. गिटचा (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास चाळा. सगळ्यात जास्त घात इथेच होतो. फाइलमधून पासवर्ड पुसला तरी जुन्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) तो जसाच्या तसा असतो. वर ‘पासवर्ड काढला’ असा कमिट-संदेश म्हणजे चोराला दाखवलेली वाट. गिटलीक्ससारखं गुपितं शोधणारं साधन पूर्ण इतिहासावर चालवा. काही सापडलं तर आधी तो पासवर्ड किंवा ती गुप्त की रद्द करा, इतिहास नंतर फिल्टर-रेपो या साधनाने धुवा. इतिहास फारच घाण असेल तर एका नव्या कमिटपासून सुरुवात केलेली बरी. मात्र अमुक ओळ का लिहिली, याचा माग त्यात जातो.

३. परवान्याची फाइल टाका. ती नसेल तर कोड दिसतो, पण वापरायचा हक्क कोणालाच मिळत नाही. मोकळीक द्यायची तर एमआयटी, पेटंट वापरायची परवानगीही स्पष्ट हवी तर अपाची २.०, आणि बदल करून वाटणाऱ्याने आपला कोडही खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल. बाहेरच्यांचे पॅच (त्यांनी कोडमध्ये सुचवलेले बदल) आल्यावर परवाना बदलायचा तर सहसा प्रत्येकाची संमती लागते, म्हणून हे आधीच ठरवा.

४. कोऱ्या मशीनवर, फक्त रीडमी (प्रकल्पाच्या माहितीची फाइल) वाचून, बिल्ड करा, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवा. लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कोणीतरी. अर्ध्या तासात जमलं नाही तर रीडमी अपुरी आहे.

५. नुसता कोड उघडू नका, कामही उघड्यावर आणा. निर्णय खासगी चॅटमध्ये आणि महिन्यातून एकदा कोडचा गठ्ठा बाहेर, असं चाललं की लोकांचे पॅच जुन्या कोडवर बसलेले निघतात आणि दोन-तीनदा वाया गेले की ते येईनासे होतात.

अपवाद सुरक्षेच्या त्रुटींचा. त्या कळवायला वेगळा खासगी पत्ता ठेवा आणि दुरुस्ती प्रसिद्ध होईपर्यंत तपशील आतच राहू द्या.